संदर्भग्रंथ, सूची, अनुक्रमणिका: कोणती टीप ५०४ मध्ये, कोणती ५०० मध्ये?

प्रश्न: नोंदवही

नमस्कार मंडळी. एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या मराठी, हिंदी आणि संस्कृत पुस्तकांच्या नोंदी कोहात (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) चढवायचं काम चालू आहे. लेखक, शीर्षक, प्रकाशन यांत फारसं अडत नाही. अडतं ते पुस्तकाच्या शेवटच्या पंधरा-वीस पानांपाशी. आतापर्यंतच्या नोंदींत कुणी ‘सूची आहे’ असं ५०० मध्ये (सर्वसाधारण टीपेचा टॅग) लिहिलंय, कुणी सगळंच ५०४ मध्ये (संदर्भांच्या टीपेचा टॅग) टाकलंय, निम्म्या नोंदींत काहीच नाही. समोरची चार पुस्तकं अशी:

(१) इतिहासाचं मराठी पुस्तक. पृ. २९७ ते ३०४ ‘संदर्भग्रंथ’, पृ. ३०५ ते ३१८ ‘सूची’.
(२) समीक्षेचं हिंदी पुस्तक. सुरुवातीला ‘विषय-सूची’, शेवटी ‘अनुक्रमणिका’.
(३) एका संताची अभंगगाथा. शेवटी ‘अभंगांची अकारविल्हे अनुक्रमणिका’.
(४) मराठी कादंबरी. शेवटच्या पानावर ‘लेखकाची ग्रंथसंपदा’.

प्रत्येकाला कोणती टीप द्यायची, पृष्ठांक द्यायचे का, टीप मराठीत की इंग्रजीत, आणि ००८ मध्ये (कोडांचा टॅग) काही भरावं लागतं का?

उत्तर: तालिकाघर

मथळ्यावर जाऊ नका, यादी कुठे बोट दाखवते ते बघा. यादीतली नोंद बाहेरच्या ग्रंथाकडे, लेखाकडे, दप्तराकडे नेत असेल (लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल), तर ती संदर्भसूची. ती याच पुस्तकातल्या पानाकडे नेत असेल (नाव किंवा विषय आणि पुढे पृष्ठांक), तर ती निर्देशसूची. मराठीत ‘सूची’ हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो, म्हणून टीप लिहिताना नुसतं ‘सूची’ लिहू नका. एकीला ‘संदर्भग्रंथ’ किंवा ‘संदर्भसूची’ म्हणा, दुसरीला ‘निर्देशसूची’. वाचकालाही कळतं आणि पुढच्या तालिकाकारालाही (नोंद करणाऱ्याला).

आता टॅग, म्हणजे नोंदीतल्या प्रत्येक भागाचा तीन अंकी क्रमांक. मार्क २१ मध्ये (ग्रंथनोंदींचा प्रमाणित साचा) ५०४ संदर्भांसाठी आहे. ग्रंथसूची, तळटीपांतले संदर्भ, चित्रपटांची किंवा ध्वनिमुद्रिकांची यादी, सगळं त्यात येतं. दोन्ही इंडिकेटर (टॅगनंतरच्या दोन खुणा) रिकामे, ते खाली ## असे दाखवलेत; $ए हा टीपेच्या मजकुराचा सबफील्ड, म्हणजे टॅगचा उपविभाग. नुसती निर्देशसूची असेल, संदर्भ अजिबात नसतील, तर टीप ५०० मध्ये. दोन्ही असतील तर दोन टीपा करत बसू नका. एकाच ५०४ मध्ये दोन्ही येतात:

५०४ ## $ए संदर्भग्रंथ (पृ. २९७-३०४) व निर्देशसूची समाविष्ट.

हे तुमचं पहिलं पुस्तक. निर्देशसूचीचे पृष्ठांक द्यायचे नाहीत, फक्त संदर्भसूचीचे द्यायचे. कारण साधं आहे. वाचकाला सूची आहे एवढं कळलं की पुरतं, ती शेवटीच सापडते. संदर्भसूचीचे पृष्ठांक मात्र तिचा आवाका सांगतात. आठ पानांची यादी आणि अर्ध्या पानाची यादी यांत संशोधकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

पृष्ठांक तेव्हाच, जेव्हा यादी एका जागी आहे. प्रकरणागणिक संदर्भ असतील किंवा फक्त तळटीपांत असतील, तर नुसतं ‘संदर्भ समाविष्ट.’ सगळ्या प्रकरणांचे पृष्ठांक गोळा करून टीप लांबवू नका. तळटीपाही आहेत आणि शेवटी एकत्र यादीही आहे, तर शेवटच्या यादीचे पृष्ठांक द्या. बहुखंडी ग्रंथात ‘खंड १, पृ. ३५१-३५८, खंड २, पृ. २३४-२३६’ असं चालतं. पानावर अंक छापलेला नसेल तर मोजून चौकटी कंसात, म्हणजे ‘पृ. [३१९]-३२२’. अंक पूर्ण लिहा, ‘२९७-०४’ असं आखडू नका.

चौथ्या पुस्तकाला काहीही नको. ‘लेखकाची ग्रंथसंपदा’ ही प्रकाशकाची जाहिरात असते, पुस्तकाच्या मजकुराचा आधार नव्हे. तीच यादी चरित्रात किंवा गौरवग्रंथात प्रकाशन तपशिलासह ‘लेखनसूची’ म्हणून आली, तर ती ५०४ मध्ये घ्याच, आणि कशाची यादी आहे तेही सांगा: ‘चरित्रनायकाची लेखनसूची: पृ. ४०१-४२६.’ अशा याद्या दुसरीकडे कुठे छापलेल्या नसतात. त्या नोंदीतून गळल्या तर शोधणाऱ्याला त्यांचा पत्ताच लागत नाही.

उत्तर: चाळीसवर्ण

टीप माणसासाठी, ००८ यंत्रासाठी. ५०४ लिहून ००८ तसंच सोडलं तर काम अर्धंच राहतं.

पुस्तकांच्या ००८ मध्ये दोन जागा बघायच्या. २४ ते २७ या चार जागा मजकुराच्या स्वरूपासाठी, आणि ३१ ही जागा निर्देशसूचीसाठी. मोजणी शून्यापासून आहे, म्हणजे जागा २४ हा पंचविसावा वर्ण आणि जागा ३१ हा बत्तिसावा. हाताने मोजताना इथे एकाची चूक हमखास होते आणि सूचीचा १ गौरवग्रंथाच्या जागेत, म्हणजे ३० मध्ये, जाऊन बसतो.

५०४ आहे म्हणजे २४ मध्ये ‘बी’ (ग्रंथसूचीचा कोड) हवा. पुस्तकाला स्वतःची निर्देशसूची आहे म्हणजे ३१ मध्ये १. चार जागांत एकाहून जास्त कोड आले तर रोमन वर्णक्रमाने, डावीकडून भरायचे, उरलेल्या जागा मोकळ्या. प्रबंधाचा कोड ‘एम’ आहे, तर संदर्भसूची असलेल्या प्रबंधाला ‘बी’, ‘एम’ आणि दोन मोकळ्या जागा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ‘आय’ची. पुस्तकाच्या शेवटी सूची दिसली की २४ मध्ये ‘आय’ टाकला जातो, कारण कोहात ००८ भरायच्या प्लगइनच्या यादीत त्या कोडापुढे ‘इंडेक्सेस’ लिहिलेलं असतं. तो कोड ते अख्खं पुस्तक इतर ग्रंथसामग्रीची सूची असेल तेव्हाचा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या श्लोकपादांची प्रतीकसूची सहा खंडांत काढली, तिला ‘आय’ शोभतो. इतिहासाच्या साध्या पुस्तकाला नाही. तसंच शं. ग. दात्यांची १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची घ्या. ती स्वतःच ग्रंथसूची आहे, म्हणून ‘बी’ लागतो. पण ‘संदर्भग्रंथ समाविष्ट’ अशी ५०४ तिला लावायची नाही. तिथे विषयशीर्षकाने सांगायचं.

परिणाम कुठे दिसतो? कोहाच्या प्रगत शोधात ‘जास्त पर्याय’ उघडले की मजकुराच्या प्रकारांत ग्रंथसूची, सूची, शब्दकोश असे पर्याय येतात. ते याच चार जागा वाचतात. ‘आय’ चुकून शंभर पुस्तकांना लागला की सूचीग्रंथ शोधणाऱ्यापुढे शंभर इतिहास-चरित्रं येऊन पडतात.

आणखी एक. कोहात नवीन नोंद उघडून ००८ ला हात न लावता जतन केली, तर २४ ते २७ मध्ये चार उभ्या रेघा राहतात आणि ३१ मध्येही उभी रेघ. उभ्या रेघेचा अर्थ ‘कोड भरायचा प्रयत्नच केला नाही’. शून्याचा अर्थ ‘बघितलं, सूची नाही’. या दोन्हींत गल्लत नको. शेवटची पानं स्वतः उलटल्याशिवाय ३१ मध्ये शून्य टाकू नका, त्यापेक्षा रेघ राहिलेली बरी.

तिथेच असाल तर भाषेचा आणि देशाचा मूळ कोडही तपासा. तो ‘इंग्रजी’ आणि ‘अमेरिका’ असा येतो. मराठी संग्रहासाठी सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये एकदा बदलून ठेवला की प्रत्येक नोंदीचे दोन क्लिक वाचतात.

नोंदवही:

‘आय’ची चूक आमच्याकडे बऱ्याच नोंदींत आहे, आत्ताच बघितलं. पण ००८ मध्ये १ टाकूनही दोन नोंदी आयातीत अडकल्या. लांबी चुकीची असल्याचा संदेश येतो. कारण काय असेल?

चाळीसवर्ण:

देवनागरी १ टाकला असेल. की-बोर्ड मराठीवर राहिला की होतं हे. ००८ ची लांबी ४० वर्ण असायला हवी आणि त्यात रोमन अक्षरं, इंग्रजी अंक, मोकळी जागा आणि उभी रेघ एवढंच बसतं. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) इंग्रजी अंक एका बाइटचा, देवनागरी अंक तीन बाइटचा. म्हणजे चाळीसचे बेचाळीस बाइट झाले आणि तपासणी करणारं सॉफ्टवेअर अडखळलं. या चर्चेत आपण टॅग आणि कोड देवनागरीत लिहितोय, प्रणालीत मात्र टॅग, इंडिकेटर, सबफील्डची खूण आणि ००८ कायम इंग्रजी कळफलकाने. मराठी कळफलक फक्त टीपेच्या मजकुरापुरता.

जुन्या नोंदी एकगठ्ठा दुरुस्त करायच्या तर मार्कएडिट (मार्क नोंदी बदलायचं सॉफ्टवेअर) वापरा. आधी ५०४ असलेल्या नोंदी वेगळ्या काढा, त्यांतून २४ मध्ये ‘बी’ नसलेल्या. ३१ साठी मात्र आंधळी बदली नको. टीपेत ‘निर्देशसूची’ हा शब्द असलेल्याच नोंदी घ्या, नुसता ‘सूची’ शोधलात तर ‘संदर्भसूची’ही त्यात ओढली जाईल. आणि मार्कएडिटच्या मजकुरात मोकळी जागा उलट्या तिरप्या रेघेने दिसते, ती खोडू नका. एक खोडली की पुढचे सगळे कोड एकेक घर मागे सरकतात.

उत्तर: अकारविल्हे

दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकाबद्दल लिहितो, कारण नावांचा खरा गुंता तिथे आहे.

मराठीत ‘अनुक्रमणिका’ म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीची प्रकरणांची यादी. हिंदीत ‘विषय-सूची’ किंवा ‘अनुक्रम’ म्हणजे तीच यादी, आणि ‘अनुक्रमणिका’ हा शब्द बरेचदा शेवटच्या निर्देशसूचीसाठी येतो. उलट मराठीत ‘विषयसूची’ म्हणजे विषयांची निर्देशसूची, ‘नामसूची’ किंवा ‘व्यक्तिनामसूची’च्या जोडीला येणारी. त्यामुळे मराठी तालिकाकार हिंदी पुस्तकाच्या सुरुवातीची विषय-सूची पाहून ‘निर्देशसूची समाविष्ट’ लिहितो आणि शेवटची अनुक्रमणिका वगळतो. दोन्ही चुका एकाच नोंदीत! तुमच्या पुस्तकात शेवटच्या यादीत नावं अकारविल्हे आणि पुढे एकाहून जास्त पृष्ठांक असतील, तर ती निर्देशसूची. क्रम पानांचा की वर्णांचा, हे बघितलं की निकाल लागतो. संदर्भ नसतील तर ५००, असतील तर एकत्र ५०४.

गाथेची गोष्ट वेगळी आणि फार महत्त्वाची. अभंगांच्या पहिल्या चरणांची वर्णानुक्रमे यादी, पुढे अभंग क्रमांक. क्रमांक पानाचा नसला तरी बोट याच पुस्तकात आहे, म्हणून ही निर्देशसूचीच. पण नुसतं ‘निर्देशसूची समाविष्ट’ लिहून भागवू नका:

५०० ## $ए अभंगांच्या पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची समाविष्ट.

गाथेच्या वाचकाला, कीर्तनकाराला चरण आठवत असतो, क्रमांक नाही. एकाच संताच्या गाथेच्या चार आवृत्त्या तुमच्याकडे असतील आणि चरणसूची त्यांतल्या दोनच आवृत्त्यांत असेल, तर कोणती हातात द्यायची ते या एका ओळीवरून ठरतं. संस्कृत ग्रंथांतल्या श्लोकसूचीला, श्लोकार्धसूचीला हेच लागू. तिथे तर ‘श्लोकानुक्रमणी’, ‘श्लोकानामकाराद्यनुक्रमः’ अशी नावं असतात. टीपेत ‘श्लोकसूची’ एवढं सांगितलं की पुरे.

‘शब्दसूची’ला मात्र दोनदा बघा. शब्दापुढे अर्थ असेल तर तो शब्दार्थकोश, सूची नव्हे, आणि ३१ मध्ये १ येणार नाही. शब्दापुढे पान किंवा ओवी क्रमांक असेल तर सूची. जुन्या काव्यग्रंथांच्या अभ्यासावृत्त्यांत दोन्ही एकत्र असतात, शब्द, अर्थ आणि ओवी क्रमांक. मी त्याला ‘अर्थांसह शब्दसूची’ लिहितो आणि १ भरतो, कारण ती मजकुराकडे परत नेते.

उत्तर: तालिकाघर

टीपेची भाषा राहिली. ती पुस्तकाच्या भाषेवर नाही, तालिकेच्या भाषेवर ठरते. ०४० (नोंद कुणी, कोणत्या भाषेत केली त्याचा टॅग) च्या $बी मध्ये मराठीचा कोड असेल तर पुस्तक हिंदी असो, इंग्रजी असो, टीप मराठीत. तिथे इंग्रजीचा कोड असेल तर मराठी पुस्तकालाही टीप इंग्रजीत, म्हणजे ‘इन्क्लूड्स बिब्लिओग्राफिकल रेफरन्सेस (पेजेस २९७-३०४) अँड इंडेक्स’. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मराठी पुस्तकांच्या नोंदी तशाच असतात, शीर्षक रोमन लिपीत आणि टीपा इंग्रजीत. जुन्या नोंदींत पृष्ठासाठी नुसतं ‘पी.’ दिसेल, आरडीए (तालिकीकरणाचे नवे नियम) आल्यावर ‘पेजेस’ असा पूर्ण शब्द आला. अर्थ तोच, त्यासाठी जुन्या नोंदी उकरत बसू नका.

अशी नोंद उतरवून घेतलीत तर ५०४ मधले पृष्ठांक हातातल्या प्रतीशी ताडून पाहाच. नव्या आवृत्तीत प्रस्तावना वाढली, अक्षरजुळणी नव्याने झाली की संदर्भसूची दहा-वीस पानं पुढे जाते. पुनर्मुद्रणात शेवटची सूची गाळलेलीही असू शकते, आणि ती गळली की ००८ मधला १ खोटा ठरतो. मराठी पुस्तकांत सुरुवातीची पानं अक्षरी अंकांत असतात, ‘एक’ ते ‘चोवीस’. संदर्भयादी तिथेच, प्रस्तावनेच्या शेवटी असेल तर ‘पृ. एकवीस-चोवीस’ असंच लिहा, २१-२४ नको. नाहीतर वाचक मूळ मजकुराचं एकविसावं पान उघडून बसेल.

उत्तर: ग्रंथपेटी

एक शंका. प्रस्तावनेच्या शेवटी तीन पुस्तकांची नावं असतात, तीही कधी अपुरी. त्यालाही ५०४ आणि ‘बी’ द्यायचा? सगळ्यांनाच दिला तर त्या कोडाला अर्थ काय उरतो?

तालिकाघर:

बरोबर विचारलंत. नियम ‘संदर्भ कोणत्याही स्वरूपात असले तरी’ असा व्यापक आहे, म्हणून तळटीपांनाही टीप मिळते. पण ऋणनिर्देशात ओझरती आलेली तीन नावं म्हणजे संदर्भ नव्हेत. त्यावरून मूळ ग्रंथ शोधता येईल का, एवढं विचारायचं. लेखक-शीर्षक-साल धड असेल तर पाच नोंदींची यादीही ५०४ मध्ये घेतो. नसेल तर नाही घेत. आणि ५०४ नाही तर ‘बी’ही नाही. टीप आणि कोड यांची जोडी तोडायची नाही.

अकारविल्हे:

मी थोडा सैल आहे. जुन्या प्रादेशिक इतिहासाच्या पुस्तकांत ‘आधार’ म्हणून बखरी, कैफियती, दप्तरं यांची नावं येतात, साल-प्रकाशक काहीच नसतं, कारण ती साधनं त्या वेळी छापलेलीच नव्हती. ती यादी मी घेतो. अभ्यासकाला लेखकाने काय वापरलं हे दुसरीकडून कळत नाही.

तालिकाघर:

अप्रकाशित साधनांपुरतं मान्य. ते ठिकाण किंवा दप्तर ओळखू येतंच.

नोंदवही:

खूप मदत झाली. तीन पुस्तकांच्या टीपा अशा केल्यात, एकदा बघाल का?

(१) ५०४ ## $ए संदर्भग्रंथ व निर्देशसूची समाविष्ट. $बी पृ. २९७-३०४
(२) ५०४ ## $ए संदर्भ व निर्देशसूची समाविष्ट. (तळटीपांत संदर्भ आहेत, शेवटी यादी नाही.)
(३) ५०४ ## $ए अभंगांच्या पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची समाविष्ट.

तिन्हींना ००८/२४ मध्ये ‘बी’, ३१ मध्ये १, इंग्रजी कळफलकाने.

चाळीसवर्ण:

दुसरी पक्की. पहिलीत $बी काढा. तो सबफील्ड संदर्भांच्या संख्येसाठी आहे, पृष्ठांकांसाठी नाही. यंत्र तिथे ‘यादीत किती नोंदी’ असा आकडा अपेक्षित धरतं. साध्या पुस्तकाला तो भरायची गरज नसते. पृष्ठांक $ए मध्येच, ‘संदर्भग्रंथ’ या शब्दाला लागून कंसात, नाहीतर ते सूचीचे पृष्ठांक वाटतात.

तिसरी ५०० मध्ये न्या आणि तिथला ‘बी’ काढून २४ ते २७ मोकळ्या सोडा. गाथेत बाहेरचे संदर्भ नाहीत, फक्त स्वतःची सूची आहे. ३१ मधला १ बरोबर आहे, तो तसाच राहू द्या.